चूल व शेगडी

अन्न शिजविणे, पाणी तापविणे आणि थंडीत घर उबविणे या तीन कामांसाठी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली विस्तवाची साधने. जमिनीवर अथवा भिंतीलगत कायमची बांधलेली ती चूल आणि विस्तवासह उचलून दुसरीकडे नेता येते ती शेगडी, असा या दोहोंतील ठोकळ भेद आहे. पूर्व विदर्भात शेगडीस सिगडी असेही म्हणतात. वरवर पाहता हा भेद केवळ सोयीचा वाटतो. परंतु घराची बांधणी, जवळपास मिळणारे इंधन, धुराचा निकास आणि घरातील स्त्रियांचे आरोग्य या सर्वांशी तो निगडित आहे. भंडारा जिल्ह्यातील घरांच्या आधारे त्याचा इतिहास येथे पाहिला आहे.

हा भेद भाषेतही फार जुना आहे. चूल हा शब्द संस्कृत चुल्ली या शब्दापासून आला. अमरकोशात चुल्लीचे पर्याय म्हणून अश्मंत, उद्धान, अधिश्रयणी व अंतिका हे शब्द दिले आहेत, तर निखारे ठेवण्याच्या पात्रासाठी अंगारधानिका, अंगारशकटी, हसंती व हसनी असे निराळे शब्द आहेत. अश्मंत या शब्दात दगड आहे व अंगारशकटी या शब्दात गाडी आहे. एक साधन जागचे न हलणारे आणि दुसरे हिंडणारे, ही जाणीव कोशकाराच्या काळी पक्की झालेली होती. शकटी या शब्दावरूनच मराठी शेगडी व गुजराती सगडी ही रूपे सिद्ध झाली. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरी नकळत हिंसा घडण्याची जी पाच स्थाने (पंचसूना) सांगितली आहेत, त्यांत चुल्ली पहिली आहे. शेगडीचा तीत उल्लेख नाही. घर म्हणजे चूल, हे समीकरण यावरून ध्यानात येते.

बांधीव चुलीचे पुरातत्त्वीय पुरावे महाराष्ट्रात ताम्रपाषाण काळापासून मिळतात. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात जोर्वे संस्कृतीच्या घरांतून चुली व अग्निकुंडे उजेडात आली. विदर्भापुरते बोलायचे तर, भंडाऱ्याच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. मातीच्या वक्राकार विटांची ही भट्टी व तीत हवा सोडण्याच्या मातीच्या नळ्या पाहिल्या म्हणजे, बंदिस्त मातीकामात जाळ कोंडून त्याची उष्णता वाढविण्याची विद्या या प्रदेशात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी अवगत होती, असे म्हणावे लागते. ती विद्या भट्टीपाशीच राहिली. घरातील चुलीच्या वाट्याला ती विसाव्या शतकापर्यंत आली नाही, ही मोठी नवलाची गोष्ट आहे.

भंडारा जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यातील तळ्यांचा व धानाचा प्रदेश आहे. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर १८६१ मध्ये तो मध्य प्रांतात आला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९९९ रोजी त्याचा पूर्वभाग वेगळा होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. येथील उन्हाळा कडक म्हणून प्रसिद्ध असला, तरी डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील कोरडे वारे सुटले म्हणजे पहाटेचे तापमान कित्येकदा १०° से.च्या खाली उतरते. धानाच्या बांध्यांतील ओल व तळ्यांवरील धुके यांमुळे ही थंडी अंगाला अधिक झोंबते. तथापि ती मोजक्या आठवड्यांची व मुख्यतः रात्रीची असते. केवळ घर उबविण्यासाठी वेगळे बांधीव साधन येथे कोणी का केले नाही, याचे उत्तर यातच आहे. स्वयंपाकाची चूल हीच ऊब देई आणि जेथे ती पोचत नसे तेथे शेगडी नेली जाई.

येथील जुन्या पद्धतीचे घर मातीच्या जाड भिंतींचे व कवेलूंच्या छपराचे असे. चूल घरातील स्त्रिया स्वतः घालीत. तळ्यातील चिकण गाळ किंवा वारुळाची माती, तीत धानाचा तूस व शेण हे तिचे साहित्य. तूस मिसळल्याने वाळताना व तापताना मातीला भेगा कमी पडतात. पुढील तोंडातून लाकडे सारायची, वर भांडे टेकण्यासाठी तीन उंचवटे ठेवायचे आणि बाजूला जोडून वैल काढायचा, ही रचना महाराष्ट्रात सर्वत्र थोड्याफार फरकाने आढळते. मुख्य चुलीतील जाळाचा उरलेला भाग आतील भोकातून वैलाखाली जातो व तेथे डाळ किंवा दूध मंद आचेवर शिजते. भांडी गोल बुडाची होती तोवर हे तीन उंचवटे उपयोगी पडले, कारण त्यांमधील फटींतून जाळ भांड्याच्या अंगावर चढे. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले आहे. येथील कारागिरांनी घडविलेले गुंड व पातेली यांचे घाट अशाच चुलींसाठी होते. सपाट बुडाची ॲल्युमिनियमची व पोलादाची भांडी आली, तेव्हा चुलीचे तोंड व भांड्याचे बूड यांचा हा जुना मेळ तुटला.

अशा चुलीला धुराडे नसे. धूर वर जाऊन कवेलूंच्या फटींतून बाहेर पडे, आणि त्याचा पूर्णपणे तोटाच होता असे म्हणता येत नाही. छपराचे बांबू व वासे धुराने काळे पडत, पण त्यांना कीड कमी लागे. चुलीवर टांगलेले बियाण्याचे कणीस व सुकी मासळी टिके. मातीच्या चुलीचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की ती तापायला वेळ घेते, परंतु जाळ विझल्यावरही तिची माती बराच काळ ऊब देत राहते. राखेत पुरलेला निखारा सकाळी फुंकणीने फुलविला म्हणजे आगपेटीचे काम पडत नसे. थंडीत म्हातारी माणसे व लेकरे चुलीपुढे निजत, ती या साठलेल्या उष्णतेसाठी.

चूल जागची हलत नाही. त्यामुळे ती कुटुंबाची खूणही ठरली. भाऊ वेगळे झाले म्हणजे चूल वेगळी झाली असे म्हणतात, आणि घरातील सर्वांना जेवायला बोलावले तर ते चूलबंद आमंत्रण होते. (साकोली-लाखांदूर भागातून वाहत वैनगंगेला मिळणारी चुलबंद ही नदी या शब्दाची आठवण करून देते, नामसाम्यापलीकडे त्याला अर्थ देऊ नये.) भारताच्या जनगणनेतही कुटुंबाची व्याख्या एका सामाईक स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे अशीच आहे. इंग्लंडमध्ये १६६२ ते १६८९ या काळात प्रत्येक बांधीव चुलीमागे दरसाल दोन शिलिंग असा करच होता. कर मोजणाऱ्याच्या दृष्टीने बांधीव चूल सोयीची असते, कारण ती लपवता येत नाही.

शेगडीचा इतिहास याहून विस्कळीत आहे. कुंभाराने भाजलेली मातीची, लोहाराने ठोकलेली लोखंडी आणि पुढे जुन्या बादलीला आतून माती लिंपून व मध्ये सळ्यांची जाळी बसवून केलेली, असे तिचे प्रकार दिसतात. ग्रामीण भागात तीत लाकडाचा कोळसा किंवा चुलीतूनच काढलेले निखारे घालीत. धावडा व बाभूळ यांचा कोळसा जड व दीर्घकाळ टिकणारा असल्याने त्याला पसंती असे. विसाव्या शतकात शहरांतून दगडी कोळशाची शेगडी रुळली. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात या जिल्ह्यातून गेला होता. त्यामुळे जिल्ह्यात कोळशाची खाण नसतानाही भंडारा व तुमसर येथे कोळसा पोचू शकत होता. तुमसर हे धानगिरण्यांचे गाव. गिरण्यांतील तूस व आरागिरण्यांतील लाकडाचा भुसा यांमुळे भुशाची शेगडी हा आणखी एक स्वस्त प्रकार वापरात आला. डब्याच्या मध्ये लाकडी दांडा उभा धरून सभोवती भुसा घट्ट ठासायचा आणि दांडा काढून घेतला की उरलेल्या पोकळीत खालून विस्तव लावायचा, एवढीच तिची कृती. एकदा पेटली की ती न ढवळता काही तास जळते.

शेगडीचा मोठा गुण असा, की ती अंगणात पेटवून धूर ओसरल्यावर आत आणता येते. तिची उष्णता चारही बाजूंना पसरते व हवी त्या खोलीत नेता येते. बाळंतिणीच्या खोलीत तिचे स्थान यामुळेच पक्के झाले. बाळंतिणीला व मुलाला शेक देण्यासाठी बाजेखाली वा बाजेशेजारी शेगडी ठेवण्याची चाल महाराष्ट्रभर होती आणि शेकशेगडी असा जोडशब्दच त्यावरून रूढ झाला. मराठी घरात केवळ उबेसाठी, स्वयंपाकाशी संबंध न ठेवता, विस्तव आत आणला जाई तो प्रामुख्याने या प्रसंगी.

शेगडीचा खरा धोकाही याच ठिकाणी आहे. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो व माणसाला उठून दार उघडायला लावतो. फुललेल्या निखाऱ्यांना धूर नसतो. परंतु कोळशाच्या अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही व वासही नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची शक्ती नष्ट करतो. प्रथम डोके जड होते, मळमळते, मग झोप येते. वारा लागू नये म्हणून बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या बंद करून फटींत चिंध्या कोंबण्याची जी पद्धत होती, तिच्यामुळे हा वायू साचण्याची सर्व सिद्धता आपोआपच होई. जुनी कवेलूची घरे गळकी होती म्हणून पुष्कळ जीव वाचले असले पाहिजेत. धूर नाही म्हणजे अपाय नाही, ही समजूत चुलीच्या धुराइतकीच घातक आहे आणि तिच्याकडे मात्र फारच थोड्यांनी लक्ष दिले आहे.

पाश्चात्त्य देशांत हाच प्रश्न भिंतीत बसविलेली चूल हवी की खोलीत सुटी उभी केलेली, अशा स्वरूपात पुढे आला. तेथील थंडी महिनोन्‌महिने टिकणारी असल्याने घर उबविणे हाच मुख्य हेतू होता. भिंतीतील उघड्या अग्निस्थानातून निघणाऱ्या उष्णतेचा सर्वसाधारणपणे सात-आठ हिश्श्यांपैकी एखादाच खोलीला मिळतो. बाकीची धुराड्यातून जाते, आणि जाताना खोलीतील उबदार हवाही ओढून नेते. बेंजामिन फ्रँक्लिन याने १७४४ मध्ये पुस्तिका प्रसिद्ध करून ओतीव लोखंडाची, भिंतीतून खोलीत पुढे आलेली चूल सुचविली. काउंट रम्फर्ड याने १७९६ च्या सुमारास लोखंड न वापरता भिंतीतील चुलीचाच आकार सुधारला : तिची खोली कमी केली, बाजू तिरप्या केल्या व धुराड्याचा गळा सुमारे चार इंचांवर आणला. बंद दाराच्या लोखंडी चुली प्रचारात आल्यावर उष्णतेचा निम्म्याहून अधिक भाग कामी येऊ लागला. सुटी चूल सर्व पृष्ठभागांवरून व तिच्या खोलीतील नळीवरूनही उष्णता देते; मात्र तिला जागा लागते, आसपास लाकूडसामान ठेवता येत नाही आणि मुले भाजण्याची भीती असते. भिंतीतील चूल जागा वाचविते, पण ती बाहेरच्या भिंतीत असेल तर उष्णतेचा काही भाग अंगणाला मिळतो. रशिया व मध्य युरोपातील विटांच्या वा कौलांच्या प्रचंड चुली घराच्या मध्यभागी असतात आणि दिवसातून एकदोनदा पेटविल्या तरी दिवसभर ऊब देतात. बांधीव चूल म्हणजे उधळी, असा सरसकट नियम करता येत नाही, हे त्यांवरून स्पष्ट होते.

इंग्रज अधिकाऱ्यांनी मध्य प्रांतात आपली भिंतीतील अग्निस्थाने आणली, ती पचमढीसारख्या थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांत. वैनगंगेच्या सपाटीवरील मराठी घराने ती उचलली नाहीत, आणि ते योग्यच झाले. दोन महिन्यांच्या पहाटेसाठी भिंत फोडून धुराडे बांधणे हा व्यर्थ खर्च ठरला असता. भारतात खऱ्या थंडीच्या काश्मीरमध्येही लोखंडी बुखारी व फेरणाखाली धरायची कांगडी ही दोन्ही साधने सुटीच आहेत.

आपल्याकडे सुधारणेचा विचार सुरू झाला तो धुरावरून. वर्धा येथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीतून १९४७ च्या सुमारास मगन चूल पुढे आली. एका तोंडातून घातलेला जाळ आडव्या बोगद्यातून दोन-तीन भांड्यांखालून जाई व अखेरीस धुराड्यातून बाहेर पडे. हैदराबाद येथे एस. पी. राजू यांनी याच धर्तीवर काम केले व १९५३ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे धुराने होणाऱ्या अपायाचे मोजमापही सुरू झाले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किर्क स्मिथ, अगरवाल व दवे यांच्या गुजरातमधील खेड्यांच्या पाहणीत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील हवेत दर घनमीटरला सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण आढळले. केंद्र शासनाचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम याच सुमारास सुरू झाला व २००२ मध्ये बंद झाला. या अवधीत देशात सुमारे ३.५ कोटी चुली बसविल्या गेल्या.

या कार्यक्रमात स्थिर व सुवाह्य असे चुलींचे दोन वर्ग होते व त्यांच्या कसोट्याही वेगळ्या होत्या. इंधनातील उष्णतेपैकी स्थिर चुलीत किमान २० टक्के व सुवाह्य चुलीत किमान २५ टक्के भांड्याला मिळावी, अशी अपेक्षा होती; पारंपरिक चुलीत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असते. सुवाह्य धातूच्या चुलीसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मानकही जाहीर केले. आकड्यांवरून सुवाह्य चूल सरस दिसते, परंतु तिला धुराडे नाही. कमी का होईना, धूर घरातच राहतो. निर्धूर स्थिर चूल धूर बाहेर नेते, पण ती नीट घातली गेली तरच. धुराड्याच्या वाकणात काजळी साचते व ती महिन्या-दोन महिन्यांनी काढावी लागते. ओढ बेताची ठेवणारी झडप न फिरविल्यास चूल जुन्या चुलीपेक्षाही अधिक लाकूड खाते. कवेलूंच्या छपरातून धुराडे बाहेर काढले की त्याच्या कडेने पावसाचे पाणी गळते, आणि भंडाऱ्यासारख्या धानाच्या, पर्यायाने भरपूर पावसाच्या जिल्ह्यात ही तक्रार क्षुल्लक नाही. उद्दिष्टाचा आकडा पुरा करण्यासाठी घातलेल्या पुष्कळ चुली पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच मोडल्या. ज्या स्त्रीने आजवर स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भांड्याच्या मापाने चूल घातली, तिला या योजनेत केवळ लाभार्थी केले गेले, हे अपयशाचे मुख्य कारण म्हटले पाहिजे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट (आरती) या संस्थेने साच्यांवरून चुली करण्याचे शिक्षण ग्रामीण कारागिरांना देऊन ही उणीव काही अंशी भरून काढली.

इंधनाची बाजूही विसरता येत नाही. पश्चिम विदर्भातील घरी कपाशीच्या पऱ्हाट्या सरपणाला मिळतात. भंडाऱ्यात धानाचे तणीस गुरांना लागते व जाळले तरी क्षणात संपते. त्यामुळे येथील चूल रानावर अवलंबून राहिली. मालगुजारीच्या काळात गावकऱ्यांना जवळच्या रानातून सरपण आणण्याचे निस्तार हक्क होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपून मालगुजारांची राने शासनाकडे आली. पुढे रानांवर भार वाढला, मोळी आणण्याचे अंतर वाढले आणि वाघ-बिबट्यांच्या वावराच्या क्षेत्रात सरपणासाठी जाण्याचे भयही. निम्म्या लाकडात तेवढाच स्वयंपाक करणारी चूल ही अशा ठिकाणी केवळ उष्णताशास्त्राची बाब राहत नाही.

द्रवीभूत पेट्रोलियम वायूचा घरगुती वापर भारतात १९५५ मध्ये मुंबईत सुरू झाला. १ मे २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे तो खेड्यांतील गरीब घरांतही पोचला. वायूच्या शेगडीने (हे नावही बोलके आहे, ओट्यावर सुटी ठेवलेली ती शेगडीच) चहा व वरणभात आपल्याकडे घेतला, आंघोळीचे पाणी, गुरांचे आंबोण व थंडीतील ऊब ही कामे मात्र पुष्कळ घरी चुलीकडेच राहिली. पाण्यासाठी मराठी घरांत तांब्या-पितळेचा बंब हे एक चतुर साधन होते. त्याच्या मधून उभी नळी जाते व तिच्यात जाळलेल्या ढलप्यांची उष्णता चहूकडील पाण्यालाच मिळते. इंधनाच्या बचतीत आपल्या सुट्या साधनांपैकी तेच सर्वांत श्रेष्ठ ठरावे.

घरांचे छप्परही दरम्यान बदलले. कवेलूंच्या जागी टिनाचे पत्रे व सिमेंटचे स्लॅब आले आणि धुराला वर जाण्याची वाट उरली नाही. त्यामुळे अनेक घरांत चूल सांदवाडीत, आडोशाच्या छपरीखाली गेली. तेथे ती स्वयंपाकिणीच्या फुप्फुसांना कमी त्रास देते, पण घर उबविण्याचे तिचे काम सुटले. ते काम पुन्हा निखाऱ्यांच्या शेगडीकडे आले, आणि तीही आता पूर्वीपेक्षा घट्ट मिटणाऱ्या दारांच्या, फटी नसलेल्या खोलीत. अशा खोलीत शेगडी ठेवणे भागच असेल तर समोरासमोरच्या दोन झरोक्यांपैकी एक खाली व एक छताजवळ उघडा राहिला पाहिजे, आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर काढली पाहिजे. विटा कापडात गुंडाळून किंवा गरम पाण्याची पिशवी देऊन बाळंतिणीला तोच शेक मिळतो आणि खोलीत विस्तव आणावा लागत नाही.